विहीणबाईंचं टेबल

२८ जून. सकाळ. प्रेशर १६५/१००.

टेबल घेतलं त्यांनी. कुणाला विचारून? पांढरं, तीन खणांचं, वर मान वाकवणारा दिवा. आणि फोटो टाकला तो कुठे, तर कुटुंबाच्या ग्रुपवर, म्हणजे जार्केंतपासून अस्तानापर्यंत सगळ्यांना दिसावा. खाली लिहिलंय, आमच्या मेरुएर्तचा अभ्यासाचा कोपरा तयार. आमच्या! पोरीची परीक्षा होऊन आठवडा झाला, अजून विद्यापीठात प्रवेश नाही, सरकारी ग्रँटचा पत्ता नाही, आणि विहीणबाईंचा कोपरा तयार.

ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईनं दिली. रोज प्रेशर मोजून लिहायचं म्हणाली. फक्त आकडे. पण पान मोठं आणि आकडे दोनच. उरलेली जागा वाया कशाला घालवू? मी सातवी शिकले, मग बीटाच्या शेतात गेले. अक्षर वाईट आहे. डोकं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, पुढे कुणी वाद घालायला नको. मेरू माझी आहे. माझ्या मुलाची पहिली पोर. चाळीस दिवसांची झाली तेव्हा सुनेनं स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर ठेवली. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, त्यात विचारायचं काय. मुलगा-सून जार्केंतकडे गावी राहतात, तिथे त्यांना आणखी चार झाली. ती त्यांची. ही माझी. मला आई म्हणते, जन्मदात्रीला वहिनी म्हणते. आणि विहीणबाईंना, म्हणजे सुनेच्या आईला, आजी म्हणते. आजी म्हणजे आजी. अल्माटीत प्रत्येक बाकावर दोन बसलेल्या असतात.

मला मत्सर नाही. त्यांचा फ्लॅट विद्यापीठापासून दोन स्टॉपवर आहे, असू दे. माझं घर शहराच्या टोकाला आहे, बस दीड तास घेते, घेऊ दे. बसमध्ये वाचता येतं.

ठराव: मेरू शिक्षणाची सगळी वर्षं इथेच राहणार.

३ जुलै. १५०/९५. (खरं १५८, पण नर्सबाई घाबरते.)

म्हाताऱ्याला मागच्या खोलीतून उठवलं. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात त्याची खाट टाकली. म्हणाला, "आणि हिवाळ्यात?" म्हटलं, हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू. चाळीस वर्षं ट्रक चालवला, ट्रकमध्येच झोपायचा, कधी तक्रार नव्हती. आता घरात झोपायची चटक लागलीय.

भिंतींना चुना दिला. बाजारातनं टेबल आणलं. शिंप्याचं, जुनं, पण लाकूड खरं. विहीणबाईंचं पुठ्ठ्याचं आहे, फोटोतसुद्धा कळतं. आपल्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली म्हाताऱ्याच्या बुटाची टाच कापून घातली. मेरूला सांगितलं, फोटो काढ आणि ग्रुपवर टाक. म्हणाली, "आई, आज नेट नाहीये." दिवसभर नव्हतं. त्याच नेटवर ती कुणाशी तरी हसत होती.

तिनं आज नव्या रबरी चपला आणल्या, आणि पाणी तापवायची छोटी विजेची किटली. चपला कशाला म्हटलं, तर म्हणाली लागतील. आमच्या अंगणात चिखल असतो. पोरीला किती पुढचं सुचतं.

१४ जुलै. १६०/९५.

ग्रँटचा अर्ज भरला. मेरूला एकशे चाळीसपैकी एकशे एकवीस आहेत. विहीणबाई ज्याला त्याला सांगतात, आमच्या घराण्याचं डोकं. तीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली-घेतली, म्हणून ‘आमचं विद्यापीठ’ म्हणतात. मीही तीस वर्षं बाजारात कुर्त विकलं, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे. आमचा बाजार म्हणत हिंडले नाही. आणि डोकं आमच्या बाजूचं आहे. माझे वडील सातशे मेंढ्यांवर नुसती नजर टाकून सांगायचे कुठली कमी आहे. मोजत नव्हते. विहीणबाईंच्या वडलांकडे मेंढीच नव्हती.

अर्जात पसंतीच्या क्रमानं लिहायचं असतं. मेरूनं पहिलं लिहिलं विद्यापीठ, औषधशास्त्र. मी म्हटलं, ते शिक्षकांचं कॉलेज वर घे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी थेट बस थांबते. म्हणाली, "आई, तिथे मास्तर बनवतात. मला औषधं शिकायचीत."

औषधात शिकायचं काय आहे? कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. तिथली पोरगी विचारते काय दुखतं, आणि पाकीट देते. ह्याला पाच वर्षं?

ग्रँट नाही मिळाली तर फी वर्षाला पंधरा लाख तेंगे. म्हाताऱ्याचा ट्रक, माझं कुर्त आणि वर म्हातारा घालून विकला तरी तेवढे यायचे नाहीत. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "काळजी करू नका, कुलपाशबाई, माझी बचत आहे." त्या क्षणापासून मी अल्लाकडे ग्रँटच मागते आहे. पोरीसाठी. आणि ती बचत बँकेतच सडावी म्हणून.

५ ऑगस्ट. १५५/९०.

यादी एक-दोन दिवसांत लागणार. चांगली बातमी जो पहिल्यांदा आणतो त्याला भेट मागायचा हक्क असतो, आणि समोरच्यानं ती द्यायचीच, नाही म्हणता येत नाही. तेव्हा बेत असा. यादी लागली की मेरू मला सांगणार. मी तडक विहीणबाईंना फोन लावणार. आणि भेट म्हणून मागणार त्या टेबलावरचा दिवा. टेबल ठेवा म्हणणार. नुसता दिवा.

मेरूला बजावलंय, सगळ्यात आधी मला. फोन उशाशी ठेवला. आवाज मोठा केला.

७ ऑगस्ट. १७०/१००.

सकाळी सातला फोन वाजला. विहीणबाई. सलाम नाही, कशा आहात नाही. "भेट काढा, विहीणबाई, बातमी आणलीय! ग्रँट मिळाली! फुकट शिकणार आपली पोर!"

ग्रंथालयातल्या कुठल्याशा जुन्या मैत्रिणीनं त्यांना सहा वाजता कळवलं म्हणे. मेरू माझ्या घरात, भिंतीपलीकडे, तोंड उघडं टाकून झोपलेली. आणि तिची बातमी मला शहराच्या मध्यातून आली.

आनंद झाला. लिहून ठेवते, आनंद झाला. मेरू उडी मारून उठली, माझ्या गळ्यात पडली, म्हाताऱ्याच्या पडली, मग फोन घेऊन अंगणात गेली आणि कुठल्या तरी मुलींबरोबर अर्धा तास किंचाळत होती. मी फाटकात उभी राहून गोळ्या-चॉकलेटं उधळली, गल्लीतली पोरं वेचायला धावली. शेजारीण म्हणाली, कुलपाश, तोंड असं का केलंयस? म्हटलं, ऊन.

आता भेट मीच द्यायची. हात आखडता घेतला तर ग्रुपवर जाईल. भारीतलं काही तरी काढते पेटीतून. त्यांचे डोळे दिपले पाहिजेत.

१० ऑगस्ट. मोजलं नाही.

सगळ्यांना चहाला बोलावलं. पेटीतून कापड काढलं होतं, निळं, जरीचं, घडीसुद्धा न मोडलेलं. चारचौघांत विहीणबाईंच्या खांद्यावर घातलं. त्यांनी घडी उलगडली, कोपरा बोटांत धरला, चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, "आलं बाई घरी. वीस वर्षांनी आलं. हा बघा ग्रंथालयाच्या शिक्क्याच्या शाईचा डाग."

पोरांच्या लग्नात त्यांनीच मला दिलं होतं.

आमच्यात लग्नाकार्यात इतकं कापड येतं आणि जातं, कोण लक्षात ठेवतं? ही बाई ठेवते. हिनं तीस वर्षं पुस्तकं परत घेतलीत. वर म्हणाल्या, "दंड नाही लावत." म्हातारा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. त्याला मांस कमी वाढलं.

मग हात पसरून आशीर्वाद. तो द्यायचा मी, मी तीन महिन्यांनी मोठी. पण म्हाताऱ्यानं सूड घेतला, म्हणाला, पाहुण्यांचा मान. विहीणबाईंनी दहा मिनिटं आशीर्वाद दिला. विद्यापीठ हा शब्द अकरा वेळा आला, माझं घर दोन वेळा. आशीर्वादात पत्ता घालतात का कुणी?

निघताना दारात म्हणाल्या, "पंचवीस तारखेला टॅक्सी पाठवते, मेरूच्या सामानासाठी." जसं ठरलंच आहे. मेरू कपबशा गोळा करत होती. आतून तुटत असणार बिचारी.

१३ ऑगस्ट. १६०/९५.

चहाच्या किटलीखाली एक कागद सापडला. विद्यापीठाच्या हॉस्टेलचा. एका खोलीत चार खाटा, मजल्यावर एक स्वयंपाकघर, महिना बावीस हजार. मेरूला विचारलं हे काय. म्हणाली, "असंच आलं हातात. मला कुठलं मिळतंय, आई? शहरात नाव नोंदलेलं असलं की देत नाहीत." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हॉस्टेल असतं तर आजीलाही काही बोलता आलं नसतं म्हणा."

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माझ्याच डोक्यात, कुणी सुचवलं नाही. हॉस्टेल! पोरीला दीड तास बस नको. विहीणबाईंच्या टेबलावर पाच वर्षं धूळ. आणि रविवारी हॉस्टेलातल्या मुली घरी जातात. घर म्हणजे माझं. रविवारी यायचं तर शनिवारीच निघेल. शनिवारी तास कमी असतात, म्हणजे शुक्रवारी. सोमवारी सकाळी परत. मग उरलं काय हॉस्टेलात? तीन दिवस.

ठराव, जरा सुधारून: मेरू हॉस्टेलात राहणार, म्हणजे इथेच राहणार.

१५ ऑगस्ट. १७५/१००.

हॉस्टेलच्या ऑफिसात गेले. बरोबर दोन किलो कुर्त. रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत. अर्धा देश उभा होता, हातात फायली, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. माझ्या पुढची बाई अराल समुद्राकडून दोन दिवस रेल्वेनं आलेली, ती मला विचारते, "तुम्ही कुठून, आजी?" मी म्हटलं, बस नंबर साठ. तिनं पाठ फिरवली.

आत एक तरुण बाई, डोळ्यांखाली काळं, पुढ्यात फायलींचा डोंगर. कुर्ताची पिशवी ठेवली तर म्हणाली, "आजी, उचला ती, वर कॅमेरा आहे. पोरगी कुठे नोंदलेली?"

"माझ्या घरी."

"म्हणजे शहरात?"

"टोकाला."

"टोक शहराचंच ना? मग नाही. पुढचे!"

मी हलले नाही. तिनं नाइलाजानं विचारलं, "आईवडील कुठे असतात?" म्हटलं, आई तुमच्यासमोर उभी आहे. तिनं माझी जन्मतारीख बघितली, मेरूची बघितली, बोटांवर काही तरी मोजलं आणि म्हणाली, "आजी, मलाही आजीनंच वाढवलं, मला सांगू नका. जन्मदाखल्यावर कोण आहे?"

सांगितलं. जार्केंतजवळ गाव, पाच पोरं. तर ही पेनच ठेवते खाली. "मग असं बोला की! पाच मुलांच्या घराला आधी जागा. पोरीचं नाव त्या पत्त्यावर हलवा, वीस तारखेच्या आत या. आणि इथे आईची सही."

म्हटलं, "द्या, करते."

"तुमची नाही. आईची."

मागून रांग ढकलत होती, म्हणून बाहेर आले.

१६ ऑगस्ट. १८०/१०५. (नर्सबाईसाठी १४०.)

मुलाला फोन केला. म्हटलं, मेरूचं नाव तुझ्या घरावर घे, मोबाइलवर सरकारचा निरोप येईल, होकार दे. मग म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना? लहानपणी दोन दिवस गावी नेतो म्हटलं की तू फाटकाला कुलूप लावायचीस." म्हटलं, फक्त कागदावर हलवायचंय. कागद म्हणजे काय, कागद.

सुनेला सांगितलं, सही करायला ये, आईच्या रकान्यात. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असणार. जार्केंतला वारा फार.

दुपारी माझ्याही मोबाइलवर निरोप आला. मेरुएर्तचं नाव तुमच्या पत्त्यावरून कमी करण्यात आलं आहे. म्हाताऱ्याला दाखवला. त्यानं वाचला, परत वाचला आणि अंगणात झाडाला पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.

१९ ऑगस्ट. मोजायला वेळ नव्हता.

सून पहाटेच्या बसनं आली. नवा रुमाल बांधून आली होती, जसं काही लग्नाला. ऑफिसात आम्ही तिघी. डोळ्यांखाली काळं असलेली ती बाई मान वर न करता म्हणाली, "आई कोण?"

सून माझ्याकडे बघते. मी फायलींकडे बघते. मेरू स्वतःच्या चपलांकडे बघते. शेवटी मीच म्हटलं, "ही. ही तिची आई."

"आणि तुम्ही?"

"आजी."

अठरा वर्षांत पहिल्यांदा. तोंडात खवट लोणी गेल्यासारखं झालं. पण फक्त ऑफिसात म्हटलंय, बाहेर लागू नाही. सुनेनं सही केली. एका हातानं रुमाल सावरत केली, तिचं अक्षर माझ्याहून वाईट आलं. थोडं बरं वाटलं.

हॉस्टेल मिळालं. चौथा मजला. मेरू जिन्यातच नाचली. सुनेला मिठी मारली, मग मला. सून जवळ उभी होती म्हणून आधी.

संध्याकाळी विहीणबाईंना मी फोन लावला. सलाम केला नाही, कशा आहात विचारलं नाही. "भेट काढा, बातमी आणलीय. हॉस्टेल मिळालं पोरीला!" पलीकडून मग नुसतं, "बरं." एवढं गोड ‘बरं’ मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. दिवा मागितला नाही. मी काही हावरट नाही.

२६ ऑगस्ट. १४५/९०.

मेरूला पोचवून आलो. दोन पिशव्या, गादी, किटली, रबरी चपला. जुलैत घेतलेल्या चपला बघ कशा कामाला आल्या, म्हटलं तिला. ती म्हणाली, "हो ना, आई, योगायोगच."

म्हाताऱ्यानं विचारलं, आता आत झोपू का. म्हटलं, खोली मेरूची आहे, तीन दिवसांनी शुक्रवार.

शुक्रवारी आली नाही. कॉलेज सुरूच व्हायचंय अजून. ते मी मोजायला विसरले होते. (हे मागून लिहिलं.)

७ सप्टेंबर, रविवार. १६०/९५.

मांस शिजवलं, कणीक लाटून पट्ट्या केल्या, टेबल पुसलं. नव्या मुलांचा कसला तरी समारंभ आहे म्हणे, येत नाही. म्हाताऱ्यानं तीन माणसांचं जेवण एकट्यानं जेवलं आणि म्हणाला, "चांगलं आहे हो हे हॉस्टेल."

१४ सप्टेंबर, रविवार. १६५/१००.

प्रयोगाची वही पूर्ण करायचीय, येत नाही. फोनवर एक लाल बदाम पाठवला. बदाम खाता येत नाही.

बसल्या बसल्या एक विचार आला. हॉस्टेलपासून विहीणबाईंचा फ्लॅट दोन स्टॉप. वही पूर्ण करायची तर टेबल लागतं. टेबल कुणाकडे आहे? तीन खणांचं. दिव्याचं.

म्हणून ते गोड ‘बरं’!

१७ सप्टेंबर. १७०/१००.

म्हाताऱ्याला टेहळणीवर पाठवला. बजावून पाठवला. विहीणबाईंच्या इमारतीसमोर बाकावर बसायचं, पेपर वाचल्यासारखं करायचं, मेरू आत जाताना दिसते का बघायचं. चार वाजता गेलेला आठ वाजता आला, ओठांना तूप लागलेलं.

"मेरू दिसली?"

"नाही. विहीणबाईंनी खिडकीतून बघितलं, वर बोलावलं. साम्सा केल्या होत्या मांसाच्या."

"टेबल बघितलंस?"

"त्याच्याशीच बसून जेवलो."

"वह्या-पुस्तकं होती त्याच्यावर?"

"लोणच्याच्या बरण्या होत्या. काकडीच्या. नऊ."

बरण्या! ट्रक चालवणाऱ्याला एवढंच दिसणार. अरे, तुला बघून ठेवल्या त्या. पोर आली की खाली काढत असणार, पोर गेली की परत वर. तीस वर्षं कपाटं लावलेली बाई, तिला नऊ बरण्यांचं काय?

ठराव: रविवारी स्वतः हॉस्टेलवर जायचं, न सांगता. समोरासमोर विचारायचं.

२१ सप्टेंबर, रविवार. मोजलं नाही, गरज नाही.

पिशवीत शिजवलेलं मांस, कणकेचे तळलेले बाउरसाक, कुर्त. हॉस्टेलच्या दारात काचेमागे पहारेकरीण बसलेली, विणकाम करत. म्हणाली, "कुणाला भेटायचं? नातं?"

मेरुएर्त, चौथा मजला. आई.

तिनं यादीवरून सुई फिरवली. "आईचं नाव इथे दुसरं आहे, बाई. फोटो पण आहे. तुम्ही ह्या नाही."

मागे माणसं उभी. म्हटलं, बरं, लिही आजी.

म्हणाली, "आजी तर केव्हाच येऊन बसलीय." आणि सुईनं बाकाकडे दाखवलं.

विहीणबाई. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. अंगात निळं जरीचं जाकीट, ते कापड शिवून घेतलं बाईनं. वर सोडतात फक्त आईबापांना, त्यामुळे आज्या सगळ्या खाली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये पिशवी ठेवली.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"तास होईल. झोपलीय म्हणे."

"अकरा वाजता?"

"रविवार आहे ना." मग पातेल्याचा टॉवेल नीट करत म्हणाल्या, "म्हटलं तुमच्याकडे जायला निघेल, त्याच्या आधी गाठावी. तुमच्याकडून येईपर्यंत रात्र होते तिला, माझ्याकडे डोकवायला मिळत नाही."

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. हो हो, दर शुक्रवारी येते, माझ्या टेबलाशीच अभ्यास करते. पण बाई तास झाला बसली होती, आणि पातेलं गार झालं होतं. म्हटलं, "माझ्याकडे नाही आली. एकदाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून.

"मला वाटलं तुमच्याकडे येते," मी म्हटलं. "दोन स्टॉप."

"माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "मला तर जूनमध्येच सांगितलं तिनं. आजी, तुझ्याकडे राहिले तर आईचं प्रेशर दोनशेवर जाईल, तू हॉस्टेलला नाही म्हणू नकोस. टेबल घेतलं त्याच संध्याकाळी. मी ऐकून घेतलं, मानलं नाही. टॅक्सी पण सांगून ठेवली होती. तुम्ही ऑफिसात जाऊन उभ्या राहिलात, मग काय बोलणार?"

जूनमध्ये. रबरी चपला जुलैत. किटली जुलैत. किटलीखालचा कागद ऑगस्टात. मी बसून सगळं एका रांगेत लावलं. मध्ये कुठेच मेंढी कमी नव्हती.

आम्ही दोघी पहारेकरणीच्या सुया बघत बसलो. मग विहीणबाई म्हणाल्या, "डोकं आहे पोरीला."

म्हटलं, "कुठल्या बाजूचं?"

"हे? हे तुमच्या बाजूचं."

दोन महिने जे ऐकायचं होतं ते ऐकलं. पाहिजे तेवढा आनंद झाला नाही.

साडेअकराला मेरू खाली आली. त्याच चपला, केस ओले, मागे तीन मुली, एकीच्या हातात आमची किटली. दोघींना एका बाकावर बघून जिन्यातच थबकली. तोंडावरचा रंग गेला, तेवढं मात्र बरं वाटलं. "आई... आजी... तुम्ही दोघी..." म्हटलं, बस नंबर साठ. तिनं आम्हा दोघींना एकदमच मिठी मारली, विहीणबाईंचा चष्मा माझ्या कानात गेला. मग दहा मिनिटं उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. उद्या टेस्ट आहे, परवा प्रयोग आहे, वजन उतरलेलं नाही, अंघोळीला गरम पाणी मिळतं. पिशवी एका मुलीनं उचलली, पातेलं दुसरीनं. जाता जाता म्हणते कशी, "दोघींना वेगवेगळे फोन करून तेच तेच सांगायला मला वेळ होत नाही गं. दर रविवारी सहाला एकच फोन करीन, आजीच्या नंबरवर, नेट बरं आहे तिकडे. आई, तू तिथे जाऊन बस."

जाऊन बस! मी मांडीवर घेतलेली पोर.

बाहेर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "चहा घेऊनच जा." म्हटलं, मला घाई आहे. मग गेले.

२८ सप्टेंबर, रविवार. १४०/८५. (खरं.)

विहीणबाईंकडून लिहितेय. येताना बसमध्ये मेरूचं एक पुस्तक उघडून बघितलं. बसमध्ये वाचता येत नाही, मळमळतं.

टेबल पुठ्ठ्याचंच आहे, नखानं टोकरून बघितलं. बरण्या नऊच आहेत. एक उचलून पाहिली, खाली धुळीत गोल उमटलाय, महिनाभर हललेली नाही. त्यांनी बघितलं मी बघतेय ते. बरणी उघडली आणि काकड्या पुढे केल्या. मीठ जास्त आहे. चार खाल्ल्या.

म्हाताऱ्याला मागच्या खोलीत झोपायला सांगून आले. फक्त हिवाळ्यापुरतं.

विहीणबाईंनी विचारलं, काय लिहिता एवढं? म्हटलं, प्रेशर. त्यांनी दिवा माझ्या बाजूला वाकवला.

फोन टेबलावर मधोमध ठेवलाय. सहाला पाच कमी असल्यापासून दोघी बसलोय. विहीणबाई म्हणाल्या, "वाजला की तुम्ही उचला, कुलपाशबाई. तुम्ही आई."

सहा वाजून वीस मिनिटं. अजून वाजला नाही.

ठराव: वाजला की विहीणबाईंनीच उचलायचा. ‘आत्ता घाईत आहे, नंतर करते’ हे आधी त्यांच्या कानात जाऊ दे.